नटण्याचा निर्णय कोणाचा?

शाळेत जाणाऱ्या मुलीने काजळ-पावडर कोणत्या वयापासून लावावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासात कोणी घेत नाही. तो बायाबापड्यांच्या बोलण्यातला किरकोळ प्रश्न समजला जातो. पण दलित मुलीने अंगावर काय घालावे, हे तिच्या आईने ठरवण्यापूर्वी कित्येक शतके धर्मशास्त्राने ठरवून टाकले होते. म्हणून हा प्रश्न आपल्या इतिहासाचा आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांसाठी दंडक आहे : वस्त्रे प्रेतावरची, दागिने लोखंडाचे. म्हणजे देहाच्या सजावटीवरही जातीचा शिक्का! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. दुरून जात ओळखू येते ती लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यातल्या गळसऱ्यांचे आणि हातांतल्या कथलाच्या दागिन्यांचे ओझे टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, हा त्या भाषणाचा आशय. आमचे काही कार्यकर्ते त्याचा अर्थ ‘नटू नका’ एवढाच लावतात. मला तो मान्य नाही. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, असेही बाबासाहेबांनी सांगितले होते. त्यांचा नकार सौंदर्याला नव्हता. गुलामीची खूण अलंकार म्हणून मिरवण्याला होता.

आमच्या कोल्हापुरापुरते पाहिले तर या प्रश्नाला दोन बाजू दिसतात. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून आमच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. दुसरीकडे, याच मुलखातून आमच्या कोवळ्या पोरी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडल्या जात होत्या. गळ्यात मण्यांची माळ, कपाळी भंडारा! ज्या वयात हाती पाटी-पेन्सिल यायची, त्या वयात पोरीला नटवले जाई, आणि ते दुसऱ्याच्या भोगासाठी. या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदे झाले. तारखांमधले अंतर पाहा, म्हणजे प्रथा किती चिवट होती ते कळेल.

एकीकडे नटायला बंदी, दुसरीकडे नटण्याची सक्ती. दोन्हीकडे मुलीला कोणी विचारले नाही.

आमच्या आयांच्या मनातली भीती इथून आलेली आहे. माझी आय शेतमजुरीला जायची. मी टिकली लावली की म्हणायची, “नको बाई, लोकं बघत्यात.” तिला टिकलीचा राग नव्हता, बघणाऱ्यांची दहशत होती. आठवीत असताना एका शिक्षिकेने भर वर्गात माझे काजळ पुसायला लावले आणि म्हणाल्या, “तुमच्यातल्या पोरी लवकर नटायला लागतात.” माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांतही काजळ होते. ते त्यांना दिसले नाही. नियम काजळाचा नव्हता, ‘तुमच्यातल्या’ या शब्दाचा होता.

आज बाजारही या वादात उतरला आहे. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने गोरेपणाला यशाची किल्ली ठरवले, नावातला ‘फेअर’ काढायला २०२० साल उजाडले. शब्द गेला, पण काळ्या रंगाची लाज गेली का? महाडला जी खूण उतरवली, तीच उलटी करून आपण पोरीच्या तोंडाला फासणार असू, तर तो विद्रोह नव्हे.

मग वय कोणते? माझे मत सांगते. शाळेच्या वेळेत लाली-पावडर नको, असा नियम शाळेने जरूर करावा. पण तो सर्व गल्ल्यांतल्या मुलींना एकच असावा आणि मोडणारीची जात काढली जाऊ नये. शाळेबाहेर मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी विचारू लागली, की आईने तिच्याशी बसून बोलावे. कोणासाठी नटायचे आहे, स्वतःसाठी की कोणाच्या नजरेसाठी, हे तिला विचारावे. तिच्या उत्तरावर विश्वास ठेवावा. आणि तिला मनूचा तो दंडक आणि महाडचे ते भाषण, दोन्ही सांगावे. आपल्या देहावर आजवर कोणाकोणाचे हुकूम चालले हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती काजळ घालो की न घालो, तो निर्णय तिचा असेल.