शपथेआधीचा नामोच्चार

मंत्री व्यासपीठावर येतो, राज्यपाल ‘मी’ एवढेच म्हणून थांबतात आणि पुढे राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतला ठरलेला मजकूर वाचायचा असतो. या विधीत भाषणाला जागा नाही. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली आणि लगोलग सभागृहात जाऊन भाषण वाचले. अमेरिकेत तो पायंडाच पडला. आपल्या मंत्र्याला मात्र ‘मी’च्या आधीचे काही क्षणच मिळतात. तेवढ्यात तो कोणाकोणाची नावे घेतो, तेच त्याचे पहिले भाषण.

या नामोच्चाराचा माग काढत आपण मागे गेलो, तर मराठेशाहीतल्या बेलभंडाऱ्यापाशी पोहोचतो. बेल आणि भंडारा उचलून दिलेला शब्द दैवताला साक्षी ठेवून दिलेला मानला जाई. इंग्रजी अमलात, १९३५च्या कायद्यानुसार, निवडून आलेल्या प्रतिनिधीला इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घेणे भाग पडले. मुंबई इलाख्यात ही गोष्ट विशेष बोचणारी होती. याच इलाख्यातल्या सोलापूरने ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेवर तिरंगा चढवला होता, मे महिन्यात लष्करी कायदा सोसला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले होते. त्यांच्या माणसांनी राजाचे नाव घ्यायचे तरी कसे? काँग्रेसने तोड काढली. मार्च १९३७मध्ये दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात देशभरच्या काँग्रेस आमदारांनी आधी देशनिष्ठेची शपथ घेतली. राजाची पाळी नंतर आली. शपथेआधीच्या नामोच्चाराचा हा पूर्वज आज पार विस्मरणात गेला आहे.

१९५०मध्ये राजा मजकुरातून गेला. ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले गेले. पुढे महाराष्ट्राचे नवे राज्य व्हायचे होते, तेव्हा पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना विचारले, हे राज्य मराठी की मराठा? ६ जानेवारी १९६० रोजी सांगलीत यशवंतरावांनी हे मराठी जनांचे राज्य होईल, असे उत्तर दिले. राज्यस्थापनेचा १ मे अजून दूर होता, तरी माझ्या मते महाराष्ट्राचे पहिले उद्घाटनपर भाषण तेच. तिथे साक्षीला ना दैवत होते, ना राजा. होती ती सगळी मराठी माणसे.

१८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. जन्म सोलापूरचा, त्याच गावच्या न्यायालयात त्यांनी पट्टेवाल्याची नोकरी केली होती, जिथे प्रत्येक साक्षीदार तोंड उघडण्याआधी शपथ घेतो. महाराष्ट्राचा हा पहिला दलित मुख्यमंत्री. ‘मी’पुढे स्वतःचे नाव उच्चारायचे असते, त्या दिवशी तेवढ्यानेच जे सांगायचे ते सांगून झाले, असे मला वाटते.

त्याआधीच, १९९५मध्ये, मनोहर जोशींच्या वेळी हा विधी राजभवनातून शिवाजी पार्कवर आला होता. समोर गर्दी असली की नावेही वाढतात. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी तिथेच उद्धव ठाकरे यांनी शिवाजी महाराजांना वंदन करून आणि आईवडिलांना स्मरून शपथ घेतली. सहकाऱ्यांनीही आपापली दैवते आणि नेते आठवले. महिनाभराने, ३० डिसेंबरला, मंत्रिपदाची शपथ घेताना के. सी. पाडवी मजकुराबाहेरचे बोलले, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हरकत घेतली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून शपथ घ्यायला लावली.