गुडविल होतं, पण गल्ल्यात नव्हतं



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माहेरी नाहीतर सासरी एखादं दुकान आहे. त्यामुळे “गिऱ्हाइकाशी गोड बोला, दुकान आपोआप चालतं” हे आपण परकर-पोलक्याच्या वयापासून ऐकत आलो. आज मी अशा दुकानांचा इतिहास लिहिते आहे, जिथे मालक गोड बोलत होते, मालाची नस न् नस ओळखत होते, गिऱ्हाईक त्यांच्यावर जीव टाकत होतं, आणि तरीही ती एकेक करून बंद पडली. ही गाण्यांच्या रेकॉर्डची दुकानं. “सेवा कमी पडली म्हणून गेली” असं म्हणून हा विषय संपवता येत नाही.

थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन बोटीनं इकडे येत. १९०८ पासून त्या कोलकात्यातच होऊ लागल्या. या जुन्या तबकड्यांमध्ये लाख असे. लाख किड्यापासून मिळते आणि आपल्या श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो, हे तुमच्यापैकी काहींना आठवेल. पुढे विनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाख मागे पडली.

त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. हातातून निसटली की तुकडे. मध्यमवर्गीय घरात एक तबकडी घेणं म्हणजे विचार करून केलेली खरेदी. मग गिऱ्हाईक म्हणणारच, “आधी ऐकवा.” दुकानदार ऐकवायचा. पण ऐकवण्याला खर्च होता. ग्रामोफोनची पोलादी सुई एखाद्या वादनानंतर बदलावी लागे आणि प्रत्येक वेळी तबकडी थोडी झिजे. तीन तबकड्या ऐकून गिऱ्हाईक हात हलवत गेलं, तर सुया, झीज आणि वेळ दुकानदाराच्या खात्यात. तबकडीच्या कागदी पाकिटावर दुकानाचं नाव-पत्ता छापलेला असे. पुन्हा इथेच या, हे त्यातलं आर्जव.

दुसरी सेवा ज्ञानाची. “तो सिनेमा आठवत नाही, पण गाणं असं काहीसं आहे” म्हणत गिऱ्हाइकानं दोन ओळी गुणगुणल्या की काउंटरमागचा माणूस वर न बघता नेमक्या कप्प्यात हात घालायचा. लग्नाआधी आमच्या गावातल्या दुकानात मी हे स्वतः पाहिलं आहे. तो माणूस फार शिकलेला नव्हता, पण कोणत्या गवयाचा कोणता राग कोणत्या तबकडीवर आहे हे त्याला तोंडपाठ होतं. या ज्ञानाचं वेगळं बिल कुणी कधी केलं नाही. सगळं तबकडीच्या मार्जिनमध्ये धरलेलं.

हे जमत होतं, कारण गाणं आणि वस्तू एकमेकांना चिकटलेली होती. रेडिओवर गाणं लागायचं ते त्यांच्या मर्जीनं. आपल्याला हवं तेव्हा, हवं ते ऐकायचं तर तबकडी घ्यावी लागे, आणि तबकडी दुकानातच मिळे.

या धंद्याचा मानबिंदू म्हणजे मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. ते १९४८ मध्ये सुरू झालं आणि पुढे करमाली कुटुंबानं ते चालवलं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या बाजूला, कोपऱ्यावर. एके काळी तिथे छोट्या बंद खोक्यात उभं राहून रेकॉर्ड ऐकायची सोय होती. हिंदी सिनेमा, शास्त्रीय, पाश्चात्त्य, गझल, मराठी, सगळं एका छताखाली. कार्यक्रमांची तिकिटंही तिथे मिळत. काही घ्यायचं नसलं तरी लोक आत शिरत आणि त्यांना कुणी बाहेर काढत नसे.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये बाजारात आणली होती. आपल्याकडे घराघरांत पोचली ती ऐंशीच्या दशकात. कॅसेटवर घरीच मुद्रण करता येतं, हा सगळ्यात मोठा फरक. दुकानदारांनी त्यातून नवी सेवा काढली. आवडत्या गाण्यांची यादी द्यायची आणि कोरी कॅसेट भरून न्यायची. आठवतंय ना? लग्नाच्या वाढदिवसाला अशी कॅसेट भेट मिळालेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. गिऱ्हाईक खूश होतं. पण हिशेबाच्या बाजूनं पाहा. कायद्यानं त्याला परवानगी नव्हती, आणि धंद्याच्या दृष्टीनं दुकानदार स्वतःच्या हातानं गाणं वस्तूपासून सोडवत होता. एक रेकॉर्ड विकत घेऊन पन्नास जणांना भरून देता येते, हे त्यानंच गिऱ्हाइकाला शिकवलं.

त्याच काळात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजनं स्वस्त कॅसेटचा सपाटा लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात ठेवली. भजनं, आरत्या मंदिराबाहेर मिळू लागल्या. भाविकांची सोय झाली, आणि गाण्यांच्या दुकानाची पायरी चढायची गरज थोडी कमी झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोठं भांडवल आलं. आरपीजी समूहाचं म्युझिक वर्ल्ड, टाइम्स समूहानं सुरू केलेलं प्लॅनेट एम. वातानुकूलित दालनं, भिंतीला हेडफोन, हवं तेवढं ऐका. लहान दुकानदार धास्तावले. पण १९९९ मध्येच अमेरिकेत नॅपस्टर सुरू झालं होतं आणि एमपीथ्री फाइल संगणकावरून संगणकावर फुकट फिरू लागली होती. आपल्याकडे रस्त्यावर शंभर-दीडशे गाण्यांची एक चकती मिळू लागली. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. कॅसेट भरून देण्याचीच ही पुढची पिढी! त्यापुढे हेडफोनची भिंतही टिकली नाही. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्डचं प्रसिद्ध दालन २०१३ मध्ये बंद झालं. ऱ्हिदम हाऊसनं फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस शटर ओढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि इंटरनेट जवळपास फुकट झालं. म्हणजे आणखी सहा महिने तग धरून काही हाती लागलं नसतं.

सगळेच दुकानदार देवमाणसं होते असं नाही. “घ्यायची असेल तरच लावतो” असं तोंडावर सांगणारे तिरसटही होते. पण गोड काय आणि तिरसट काय, दोन्ही दुकानं साधारण एकाच काळात गेली. दोष निव्वळ वागणुकीचा असता, तर निदान गोड बोलणारी तरी उरली असती.

बी.कॉम.ला आम्हाला गुडविलचं मूल्यांकन शिकवत. सोपी पद्धत अशी: मागच्या काही वर्षांचा सरासरी नफा काढायचा आणि त्याला ठरावीक वर्षांनी गुणायचं. तेव्हा मी ते यांत्रिकपणे सोडवलं. आता त्या सूत्रातला कठोरपणा कळतो. नफा शून्य झाला की गुडविलही शून्य, मग लोकांचं प्रेम कितीही असो. ऱ्हिदम हाऊस बंद होणार हे कळल्यावर तिथे लोटलेल्या गर्दीच्या बातम्या आपण वाचल्या. हळहळ खरीच होती. पण त्यातल्या बहुतेकांनी तिथे शेवटची सीडी कधी घेतली होती? लोक आठवण काढत होते सेवेची, आणि दुकान पैसे घेत होतं वस्तूचे. वस्तूची गरज संपली तेव्हा सेवेचे पैसे मागायची रीतच पडलेली नव्हती.

हे गाण्यांपुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आज चपलेच्या दुकानात माप बघून, साडीच्या दुकानात पोत बघून, फोटो काढून लोक घरी जातात आणि मोबाइलवरून मागवतात. आमच्या धाकट्या दिरांचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासून नंबर काढून देणं वर्षानुवर्षं मोफत होतं. लोक अर्धा तास तपासून घेत, नंबर लिहिलेला कागद पिशवीत घालत आणि चष्मा ऑनलाइन करत. दोन वर्षांपूर्वी आमच्या जाऊबाईंनी तपासणीची फी लावायला सांगितली. चष्मा तिथेच केला तर ती बिलातून वजा. भावजींना भीती वाटली, गिऱ्हाईक तुटेल. काही तुटलंही. पण तपासणाऱ्या मुलीचा पगार आता त्या फीतून निघतो.

अमेरिकेत स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांनी २००८ पासून वर्षातला एक दिवस आपला म्हणून साजरा करायला सुरुवात केली. २०२० मध्ये तिथे विनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीपेक्षा जास्त झाली, ऐंशीच्या दशकानंतर पहिल्यांदाच. धंदा पूर्वीएवढा मोठा नाही. पण तिथे जाणारा माणूस गाणं फोनवर फुकट मिळतं हे जाणूनही पैसे मोजतो, कारण त्याला तबकडी हवी असते आणि तिच्याबद्दल बोलणारं माणूसही हवं असतं.

म्हणून ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी एकदा वही घेऊन बसावं. आपण काय काय फुकट देतो याची यादी करावी आणि त्याचे पैसे कोणत्या वस्तूतून निघतात ते समोर लिहावं. ज्या सेवेसमोर काहीच लिहिता येणार नाही, तिथे घरातल्या सगळ्यांनी मिळून विचार करावा. आणि आपण गिऱ्हाईक असू तेव्हा, ज्या काउंटरवर अर्धा तास सल्ला घेतला, शक्यतो त्याच काउंटरवर पैसे द्यावेत.

तुमच्या गावातलं गाण्यांचं दुकान कोणतं होतं? आता त्या जागी काय आहे? जरूर कळवा.