फड पद्धती: वाचलेले पाणी कोणाचे?

१/ उसाच्या शेतातील सेन्सर मातीचा ओलावा मोजतो, उपग्रह पिकाच्या प्रतिमा पुरवतो आणि पाणी केव्हा, किती द्यावे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा हा प्रयोग सध्या चर्चेत आहे. मात्र पाण्याचा हिशेब ठेवून शेती करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे.

२/ धुळे-नाशिक परिसरात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धती सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वीची मानली जाते. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग. अशा प्रत्येक भागास ‘फड’ म्हणत.

३/ एका फडात एका हंगामी एकच पीक घेतले जाई. एकात ऊस, तर दुसऱ्यात ज्वारी किंवा बाजरी, पुढे फेरपालट. सलग क्षेत्राची पाण्याची गरज सारखी असल्याने पाळ्या लावणे सोपे जाई आणि जमिनीचा कसही टिके.

४/ पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई. अनेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्याने ही तूट एकट्यावर पडत नसे. पाणी शेतकरी स्वतः घेत नसे; गावाने नेमलेला पाटकरी ते देई.

५/ पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले. पाण्याचा निर्णय गावाकडून सरकारकडे आणि एकेकट्या शेतकऱ्याकडे गेला. अनेक फड मोडले.

६/ केवळ काटकसरीने एकूण वापर घटतोच असे नाही. वाफेची इंजिने कमी कोळशावर चालू लागली, तरी कोळशाचा खप वाढतच गेला, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवले. पाण्याचेही तसेच होऊ शकते. वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस उभा राहिला, तर भूजल होते तिथेच राहते, किंवा आणखी खाली जाते.

७/ महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचे अधिकार दिले आहेत. सेन्सरचे आकडे या संस्थांच्या बैठकीत, पेरणीपूर्वी मांडले गेले पाहिजेत. कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे, हे गावाने मिळून ठरवल्याशिवाय वाचलेले पाणी वाचलेले राहणार नाही.