सेल्फ, हँडल आणि ठपका

परवा गावी गेलो होतो. पहाटे चारला अंगणातून आवाज आला, "टक्." मग पुन्हा "टक्." टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप पिंपळगावच्या मार्केटला निघायचा होता आणि सेल्फ काही लागत नव्हता. दहा मिनिटांनी दादाने सहज चावी फिरवली, तर इंजिन लगेच चालू! महिनाभर हेच नाटक चाललं होतं म्हणे. नवी बॅटरी टाकून झाली. शेवटी ठपका आला ड्रायव्हर पोरावर. हाच रात्री दिवे चालू ठेवत असणार! दादाने त्याची दोन दिवसांची मजुरीही कापली होती.

"आमच्या जीपला हँडल होतं, तेच बरं," अण्णा ओट्यावरून म्हणाले. बरं कसलं! हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटायला हवं, नाहीतर मनगट गेलंच.

सेल्फचा इतिहास याच झटक्यापासून सुरू होतो. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन वर पोचायच्या आत भडका होतो आणि हँडल उलटं फिरतं. ठिणगी मागे घ्यायचा खटका विसरलास, तुझीच चूक, असं म्हणणं सोपं होतं. अमेरिकेतले मोटार कारखानदार बायरन कार्टर १९०८ साली वारले. दुसऱ्याची बंद पडलेली गाडी चालू करून देताना हँडल लागलं, त्यातून ते गेले, असं सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड त्यांचे मित्र. त्यांनी माणसाला दोष देत न बसता हँडलच घालवायचं मनावर घेतलं.

ते काम केलं डेटनच्या चार्ल्स केटरिंगने. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. मोटर क्षणभरच चालणार असेल तर लहान मोटरवर भलताच भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याला तिथे पक्कं कळलं होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ मध्ये मिळाला, आणि त्याच गाडीचा कारखान्यात तयार झालेला पिकअप १९२५ मध्ये निघाला.

पण क्षणभराचा तो करंट केवढा! दोनशे अँपिअर वाहत असताना एखाद्या जोडात एक शतांश ओहमचा अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

मी त्या पोराला विचारलं, "सेल्फ मारताना दिवे मंद होतात का रे?"

"नाही भाऊ, झगझगीत असतात."

बॅटरी उतरली असती तर दिवे मंदावले असते. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं. दुसऱ्या दिवशी गाडीने पुन्हा "टक्" केलं तेव्हा मी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. "दादा, मार सेल्फ!" काटा तीन व्होल्टवर. अर्धा व्होल्टही जास्तच झाला असता. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढली, तर बोल्टखाली नुसता गंज. इंजिन हलायचं, तापायचं. धातू कधी टेकायचा, कधी नाही. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. काम झालं.

दादाने त्या पोराला हाक मारली आणि काही न बोलता दोन दिवसांची मजुरी त्याच्या हातावर ठेवली.

"दिवे झगझगीत असतात हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," पोरगा म्हणाला.

खरंच सांगितलं होतं. असो.