आजीची बंद झालेली गोळी

आजचा भाग छोटा आहे, आणि विषय घरातला.

माझी आजी साताऱ्याची. गुडघ्यांसाठी रोज एक रोफेकॉक्सिब घ्यायची. 2004 ची दिवाळी झाली आणि मेडिकलवाला म्हणाला, "आजी, ही आता मिळणार नाही." मी तेव्हा सात वर्षांचा. आजीचा संताप आठवतो: "ज्यानं गुण येतो तेच नेमकं बंद करतात!"

झालं काय होतं? डायक्लोफेनॅकसारख्या जुन्या गोळ्या पोटाला झोंबतात, म्हणून ही आली, अमेरिकेत 1999 मध्ये. पुढच्याच वर्षी व्हिगोर नावाचा अभ्यास छापून आला. पोट सांभाळलं जात होतं, पण हार्ट अटॅक नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांत 0.1 टक्के, हिच्यात 0.4. कंपनी म्हणाली, नॅप्रोक्सेनच हृदय जपत असेल. (आमच्याकडेही बग असाच दुसऱ्याच्या सर्व्हरवर ढकलतात.) पुढे औषध नसलेल्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा तो बचाव संपला. 30 सप्टेंबर 2004 ला मर्कने ती जगभरातून मागे घेतली. 13 डिसेंबरला भारतात बंदी आली. त्याच कुळातली वाल्डेकॉक्सिबसुद्धा 2005 मध्ये गेली.

आत्याने आजीला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी बीपी बघितलं, वाढलेलं निघालं. मग तसलीच दुसरी गोळी न देता पॅरासिटामॉल दिली, आणि पाय सरळ ठेवून मांडी आवळायचा व्यायाम. आजी सहा महिने कुरकुरली. गुडघे पहिल्यासारखे हलके काही झाले नाहीत. जिना चढताना ती अजून त्या गोळीचं नाव काढते.