मोहाचे तेल, निर्गुडी आणि गरम पाण्याची कुंडे

सुश्रुतसंहितेने रजोनिवृत्तीचे, म्हणजे पाळी कायमची थांबण्याचे वय पन्नास सांगितले आणि आयुर्वेदाने उतारवयातील सांधेदुखीचे मूळ वातात शोधले. पालघर परिसरातील घरगुती उपचारांना मात्र ग्रंथांपेक्षा रानाचा आधार अधिक होता. मोहाच्या बिया वाळवून, कुटून काढलेले तेल थंडीत तुपासारखे थिजते, म्हणून ते कोमट करून वारली घरांत कंबर-गुडघ्यांना चोळले जाई व वरून तव्यावर गरम केलेल्या निर्गुडीच्या पानांचा शेक दिला जाई. सातिवली, कोकनेर येथील गरम पाण्याची कुंडेही याच परंपरेतली. खडकांच्या भेगांतून खोल झिरपलेले पावसाचे पाणी तेथे तापून वर येते. उष्णतेने रक्ताभिसरण वाढून आखडलेले स्नायू सैल होतात, हे खरेच. परंतु पाळी थांबताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे शरीरातील नियामक द्रव्य, घटल्याने होणारी हाडांची झीज शेकाने थांबत नाही. 1969 मध्ये याच परिसरात तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरभोवती कारखाने वाढले, तरी पाळी थांबतानाच्या या सांधे-स्नायूंच्या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव नव्हते, ही उपेक्षा क्लेशकारक होती. रजोनिवृत्तीतील स्नायू-अस्थी लक्षणसमूह अशा अर्थाची संज्ञा 2024 मध्ये शोधनिबंधातून मांडली गेली आणि तिच्यासोबत स्नायूबळ वाढवणाऱ्या व्यायामावर भर आला.