नळीचा व्यास आणि सत्तेचे भय

शिकारीसाठी कोणत्या बोअरची रायफल घ्यावी, हा वरकरणी शिकाऱ्याच्या अनुभवाचा प्रश्न वाटतो. सावज केवढे, अंतर किती आणि आपला खांदा किती सोसेल, एवढा विचार पुरेसा असावा. भारतात मात्र या निवडीवर राज्यकर्त्यांच्या भयाचीही छाया पडलेली आहे.

आजच्या फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगडचा राजा नाहरसिंग याला ९ जानेवारी १८५८ रोजी दिल्लीच्या चांदणी चौकात फाशी देण्यात आले. ज्या उठावात तो सामील झाला, त्याची ठिणगी ०.५७७ इंच बोअरच्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून पडली होती. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांस परवान्याविना शस्त्र बाळगणे निषिद्ध ठरले; युरोपीयांना मात्र मोकळीक राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने ०.४५० बोअरच्या शिकारी रायफलींवरही बंदी घातली. त्याच व्यासाची मार्टिनी-हेन्री ही लष्करी रायफल प्रचारात होती आणि शिकाऱ्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, अशी धास्ती होती. परिणामी इंग्लंडमधील बंदूककारांनी ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे पुढे आणली. वाघ आणि रानरेडे होते तेच राहिले. माप तेवढे बदलले.

या जड रायफलींची किंमत शिकाऱ्याला शरीराने मोजावी लागे. ०.४७० बोअरची सुमारे ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटर वेगाने सुटते, तेव्हा तेवढाच संवेग उलट दिशेने दस्त्यातून खांद्यावर येतो; जळालेल्या दारूच्या वायूंचा जोर त्यात आणखी भर घालतो. रायफल जितकी जड, तितका तिचा मागे येण्याचा वेग कमी. म्हणूनच अशा रायफली साडेचार-पाच किलो वजनाच्या असत. धक्क्याचे भय मनात बसले की चाप ओढण्यापूर्वीच हात दचकतो, नेम ढळतो आणि जनावर केवळ जखमी होऊन झाडीत शिरते. त्यामुळे थोर शिकारी मोठ्या नळीपेक्षा अचूक नेमाला अधिक मानीत. जिम कॉर्बेट यांनी ०.२७५ बोअरची हलकी रायफल दीर्घकाळ वापरली ती उगाच नव्हे. १९२९ मध्ये शेजारी अकस्मात सुटलेल्या जड रायफलीच्या आवाजाने त्यांच्या कानाचा पडदा दुखावला, आणि त्या यातना सोशीत त्यांनी पुढची नरभक्षकाची शिकार केली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. लष्करी ०.३०३ हे माप निषिद्ध राहिले आणि नागरिकांसाठी ईशापूरच्या कारखान्यातील ०.३१५ बोअरची रायफल रूढ झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि १९९१ च्या दुरुस्तीने अधिकच, शिकारीची वाट बंद केली. दिल्लीच्या सीमेवर, सूरजकुंडजवळ तुघलकाबादला डॉ. कर्णीसिंग नेमबाजी संकुल आहे. तेथे सावजाऐवजी कागदी लक्ष्य असते. एके काळी कोल्हापुरात शाहू महाराज चित्त्यांच्या साहाय्याने काळविटांची शिकार करीत. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. या प्रकारातील रायफल ०.२२ बोअरची असते. तिचा धक्का किंचित, तरीही नेमबाज कानांवर संरक्षक चढवितात.

सावज गेले, खांद्यावरचा दणकाही गेला. आजही परवाना मागणाऱ्याला प्रथम हेच विचारले जाते की त्याचे माप निषिद्ध आहे की नाही. बल्लभगडच्या राजाला फासावर चढविणाऱ्या सत्तेचे भय अशा रीतीने एका आकड्यात शिल्लक राहिले आहे.